राजाराम बंधाऱ्याचा आकडा आपल्या गल्लीत आण

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

ग्रामपंचायतीत निवडून आलीस आणि लगेच विचारलंस, पुरासाठी बोट मागू का? माग. पण बोटीआधी एक वही कर.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहे. पण ४३ फुटांना आपल्या गावात पाणी कुठल्या गल्लीत असतं, हे कुठल्याच कार्यालयाच्या कागदावर सापडायचं नाही. २०१९ च्या पुरात '२००५ च्या पुराला उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं' या भरवशावर कित्येक जण घरातच थांबले. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्याही वर.

म्हणून या पावसाळ्यापासून लिहायला लाग: तारीख, वेळ, बंधाऱ्याचा आकडा आणि त्या घडीला पाणी कुठं. स्मशानभूमी, नदीकाठच्या मळीतली विहीर, रस्त्याखालची मोरी, मग घरं. जुन्या पुराच्या भिंतीवरच्या खुणा म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन शोध आणि ऑइलपेंटनं पक्क्या कर. शिरोळकडच्या गावांना तर एक आकडा पुरत नाही. कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला पुढं वाट मिळत नाही, फुगवटा मागं सरकतो. त्यांनी कृष्णेवरच्या सांगलीच्या आयर्विन पुलाचा रकानाही ठेवावा. तिथली इशारा पातळी ४० फूट, धोका ४५.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद रस्त्याची. गावाआधी रस्ता बुडतो. मोरीवर पाणी यायच्या आकड्यातून दोन फूट वजा कर, तो तुझा हलण्याचा आकडा. तो ग्रामसभेत ठराव करून घे, म्हणजे ऐनवेळी 'थांबूया जरा' म्हणणाऱ्यांशी भांडत बसावं लागणार नाही. गरोदर बाया, डायलिसिसवरचे पेशंट, अंथरुणाला खिळलेली माणसं यांची यादी आशाताईंकडून घे. रात्रीची पाळी तरुण मंडळाकडे दे. राधानगरी धरणाचे ७ दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात आणि एकेकातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ते रात्री दोनलाही उघडतात.

माणसं अडतात ती जनावरांपायी. गोठ्यात म्हैस असताना घरधनी हलत नाही, त्याचं चुकतही नाही. तेव्हा आधी म्हसरं हलव. ६० जनावरांना दिवसाला निदान ९०० किलो वैरण आणि ३ हजार लिटर पाणी लागतं. माळावरच्या गावाशी जागेचं आणि दूध संस्थेशी वैरणीचं बोलणं मे महिन्यातच उरक. कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर वहीत लिहून ठेव, पंचनाम्याला लागतो.

पाणी ओसरल्यावर खरी घाई पिण्याच्या पाण्याची. टाकी आधी घासून धुऊन घे. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर), म्हणजे ५० हजारांच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर बादलीत कालव, चुना खाली बसू दे, वरचं निवळ पाणीच टाकीत ओत आणि अर्धा तास थांब. चूक होते ती दोन ठिकाणी. गेल्या वर्षीचं ओल लागलेलं पोतं वापरतात, त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघायची चाचणी, टाकीखालच्या नळावर करतात. ती गल्लीतल्या शेवटच्या नळावर कर. पिवळा रंग आला नाही, तर पाणी सोडलेलं असलं तरी ते पिण्याजोगं नाही, हे दवंडी देऊन सांग.

पंचनाम्याच्या यादीत भाड्यानं राहणारी कुटुंबं हमखास सुटतात, कारण घर मालकाच्या नावावर असतं. भांडीकुंडी, धान्य मात्र त्यांचं वाहून गेलेलं असतं. यादी चौकात मोठ्यानं वाचून दाखव आणि चिखल उपसायच्या आधी घराघरातल्या पाण्याच्या रेषेचा फोटो काढून ठेव.

पुरात माणसं हलवायची ती शाळेत, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर शाळेच्या किल्ल्या कुणाकडे असतात ते लिही. दोन नावं, दोन फोन नंबर.

तुझ्या काळजीत,
काका