आउटसोर्सिंग सोलापूरला नवीन नाही

तुमचा प्रश्न असा आहे की आयटी आणि आउटसोर्सिंगमुळे कंपन्या आतून कशा बदलतात आणि आपल्यासारख्या विकसनशील देशाला त्यातून खरंच काही मिळतं का. मी 2011 पासून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं करतोय, आधी पुण्यात होतो, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सोलापूरला घरी आलो ते इथंच आहे. तर पुस्तकातलं नको, मला इथून जे दिसतं ते सांगतो.

आउटसोर्सिंग म्हटलं की लोकांना हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगा आठवतात, मला आईच्या मांडीवरचं सूप आठवतं. आई विड्या वळायची. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि सूत मोजून घरी आणायचं, पानं भिजवायची, साचा ठेवून कात्रीने कापायची, दिवसभर वळायच्या, मग कारखान्यात नेऊन रांगेत बसायचं आणि चेकर हातात घेऊन बघणार आणि त्याला नाही आवडल्या त्या बाजूला काढणार, त्यांचे पैसे नाहीत. घर आमचं, लाईटबिल आमचं, पाठ आईची. माल त्यांचा, छाप त्यांचा आणि मोजणाराही त्यांचाच. 1966 च्या कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बायकांनाही कामगार धरलं, आणि निदान पीएफ तरी आहे, नाहीतर तेही नसतं.

कापडाचंही तसंच झालं. इथली जुनी मिल 1877 ची, एका भोंग्यावर सूतकताईपासून विणकामापर्यंत सगळं एकाच आवारात. मिला बंद पडत गेल्या आणि राहिलं काय तर पूर्व भागातले पॉवरलूम, सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, रंगाई तिसऱ्याकडे, शिलाई कुठल्यातरी गल्लीतल्या बाईकडे, आणि टॉवेलवर नाव पाचव्याचंच. म्हणजे मोठी संस्था फोडून तिचे तुकडे बाहेर देणं हे सोलापूरनं कॉम्प्युटर यायच्या आधीच पाहिलंय.

मग आयटीनं नवीन काय केलं? चेकरला लांब बसायची सोय केली, एवढंच, पण हे एवढंच फार मोठं आहे. रोनाल्ड कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1937 मध्ये विचारलं होतं की सगळं बाजारातून विकत घेता येतं तर कंपनी हा प्रकार असतोच कशाला. त्याचं उत्तर साधारण असं की बाहेरचा माणूस शोधायचा, त्याच्याशी भाव करायचा, त्याच्यावर लक्ष ठेवायचं, या कटकटीला पण पैसे लागतात, म्हणून माणसं घरातच नोकरीला ठेवतात. आता कम्प्युटर आणि डेटाची लाईन आल्यावर ही कटकटच स्वस्त झाली की कंपनीला काम घरात ठेवायचं कारण उरत नाही. 1989 मध्ये कोडॅकनं आपली डेटा सेंटर्स आयबीएमकडे सोपवली तेव्हा एवढ्या मोठ्या कंपनीनं असं करावं याचं लोकांना आश्चर्य वाटलं होतं, आज न करणाऱ्याचं वाटतं. आपल्याकडे 1991 मध्ये सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स सुरू झाले, निर्यात करणाऱ्यांना सॅटेलाईट लिंक मिळाली, नाहीतर त्याआधी बऱ्याचदा कोड लिहायला माणूसच विमानात बसवून पाठवायला लागायचा. आणि गंमत बघा, कोसला नोबेल मिळालं ते पण 1991 लाच.

आता कंपनी आतून कशी बदलते ते माझ्या कामातून सांगतो कारण हे मी जवळून पाहिलंय. आमच्या एका क्लायंट हॉस्पिटलात पूर्वी बिलिंगला आठ जणी होत्या, त्याच बिल्डिंगमध्ये, डॉक्टरला जिन्यात गाठून विचारायच्या की हे काय लिहिलंय. काम आमच्याकडे आल्यावर तिथे दोघी उरल्या आणि त्या दोघीही बिलं करत नाहीत, आमचे आकडे बघतात, किती क्लेम (विमा कंपनीकडे पाठवलेली बिलं) गेले, किती परत आले, 24 तासांत झाले का. म्हणजे काम करणारा विभाग जाऊन कामावर नजर ठेवणारा विभाग झाला. पहिली दोनेक वर्षं झकास चालतं, खर्च कमी दिसतो, सगळे खूश. मग एक दिवस त्यांचा मेल आला की फिजिओथेरपीच्या अमुक क्लेमला तुम्ही बिलावर हा जास्तीचा कोड, म्हणजे उपचाराची खूण, का लावता. आम्ही जुने मेल उकरले तर निघालं की 2013 मध्ये त्यांच्याच एका बाईंनी एका इन्शुरन्स कंपनीच्या नियमामुळे तो लावायला सांगितला होता. त्या बाई केव्हाच रिटायर झालेल्या आणि तिकडे कुणालाच माहीत नाही!! हॉस्पिटल त्यांचं, पण त्याचं बिल असं का बनतं हे ठाऊक असलेला माणूस सोलापुरात एका मागाशेजारच्या खोलीत बसलाय. (मागाशेजारी म्हणजे खरंच, एकदा कॉलवर मागाचा आवाज ऐकून इन्शुरन्सवाल्या बाईनं विचारलं की तुमच्याकडे फार पाऊस आहे का, मी म्हटलं हो.)

पण त्या माहितीचे आम्हाला पैसे किती मिळाले? शून्य. रेट क्लेममागे ठरलेला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण मला यातच दिसतं.

देशाला मिळालं नाही असं म्हणणं खोटं होईल. 2023-24 मध्ये आयटी आणि त्यासंबंधी सेवांची निर्यात 200 अब्ज डॉलरच्या आसपास होती, आपण तेल आणि बाकी माल बाहेरून घेऊन जो खड्डा पाडतो तो बराचसा हाच पैसा भरतो, आणि 1991 ला सोनं गहाण टाकलेल्या देशाला याची किंमत कळते. पण माणसं किती? साधारण 54 लाख. देशात काम करणारे 50 कोटींच्या वर, म्हणजे शंभरात एक. ज्याला इंग्रजी आणि इंजिनिअरिंग जमलं तो वर गेला. मिलमध्ये कमी शिकलेल्या माणसालाही काम मिळायचं, इथे त्याला गेटवरचा सिक्युरिटीचा ड्रेस मिळतो, आणि तो ड्रेस बहुतेक सोलापुरातच शिवलेला असतो, युनिफॉर्मचा धंदा आमच्याकडे जोरात आहे.

आमच्या गावाचं म्हणाल तर पोरं इथल्या कॉलेजात शिकतात आणि हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातात ती जानेवारीत इथल्या गड्ड्याच्या यात्रेला येतात. पगार पुण्यात, फ्लॅट पुण्यात, इथे आलाच पैसा तर शहरातल्या जुळे सोलापूर भागात प्लॉट घेतात. त्यातून इथे धंदा उभा राहिलेला मी तरी फार पाहिला नाही.

आता वारं परत फिरतंय हे पण लक्षात घ्या. बाहेर दिलेलं काम मोठ्या कंपन्या पुन्हा आत घ्यायला लागल्यात, पण अमेरिकेत नाही, बंगळूर, हैदराबाद, पुण्यातच स्वतःची ऑफिसं काढून, अशी 1700 च्या वर केंद्रं भारतात झालीत. मला हे व्हेंडरपेक्षा, म्हणजे आमच्यासारख्या बाहेरच्या ठेकेदारापेक्षा बरं वाटतं कारण तिथे निदान डिझाईनच्या मीटिंगला आपला माणूस बसतो. नुसते हात भाड्यानं दिले की रेट ठरवणारा कायम दुसराच, आणि आपल्यापेक्षा स्वस्त हात मिळाले की तो फिलिपाईन्सला जाणार, त्यात त्याचं काही चुकत नाही. मला विचाराल तर देशाचा फायदा मोजताना डॉलर किती आले यापेक्षा रेट ठरवायच्या टेबलावर आपले किती आहेत ते बघा.

नोकरीचं म्हणून विचारत असाल तर एक सांगतो, रात्रीचं काम अंगावर येतं. अमेरिकेत घड्याळ मागेपुढे करतात म्हणून आमची शिफ्ट मार्च ते नोव्हेंबर साडेसहाला आणि पुढे साडेसातला, इतक्या वर्षांत घरातलं जेवण वेळेवर झालेलं आठवत नाही. आई सुरुवातीला विचारायची, "रात्रभर काय करालास रे?" मी म्हणायचो बिलं. "हजाराला किती देतात?" विड्यांची मजुरी हजारावर मिळते, म्हणून तिचा हिशोब बरोबर होता.

गेल्या वर्षीपासून पहिला कच्चा क्लेम सॉफ्टवेअर बनवतं आणि मी फक्त चुका काढतो. क्लेममागचा रेट त्यांनी लगेच खाली आणला. आईला म्हटलं आता मी चेकर झालो. ती म्हणाली, "पगार वाढला?"

म्हटलं, नाही.