वाचकांचे प्रश्न : वाळूजहून श्टुटगार्टला

प्रश्न : वाळूजच्या कंपनीतून माझी बदली जर्मनीत श्टुटगार्टला होत आहे. आधी मी एकटाच जाईन, बायको आणि मुलगी नंतर येतील. तिथे गेल्यावर सगळ्यात आधी काय उरकावं?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : घर. बाकीची सगळी कामं पत्त्यावर अडलेली असतात. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. मोठ्या शहरांत त्यासाठी भेटीची वेळ पटकन मिळत नाही, म्हणून घर ठरताच ती घेऊन ठेवा. पासपोर्टसोबत घरमालकाच्या सहीचं, तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही आणि पुष्कळ जण इथेच अडकतात. तात्पुरती खोली घेणार असाल तर हे पत्र मिळेल का, ते पैसे भरण्याआधी विचारा.

नोंदणीनंतर 11 अंकी कर क्रमांक टपालाने येतो. तो कंपनीला दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण नेमकी सुरुवातीलाच ओढाताण होते. टपालपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर हे पत्र परत जातं. किल्ली हातात आली त्याच दिवशी नावाची चिठ्ठी लावा.

जाहिरातीतलं काल्टमीटऽ म्हणजे नुसतं भाडं; त्यात हीटिंग आणि देखभालीचा खर्च धरला की वार्ममीटऽ. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटऽएवढी घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूला आहे. घर न दाखवता पैसे मागणारा, किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणणारा माणूस फसवणारच. आणखी एक : कित्येक घरांत स्वयंपाकघर रिकामं मिळतं, सिंकसुद्धा नसतं. ओटा-कपाटं बसवलेली आहेत ना, ते बघूनच भाडं ठरवा.

निघण्यापूर्वी विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढा, कुटुंबाच्या व्हिसाला ते लागतंच. लग्न गावी लागलं असेल तर तिथे ग्रामपंचायतीत नोंदणी होते. पत्नीचं नाव पासपोर्टवर आणि प्रमाणपत्रावर अक्षरशः एकच हवं.

प्रश्न : भाकरीचा तवा, कुकर, काळा मसाला, घरचं तूप यातलं जर्मनीला काय नेता येईल?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तवा सपाट बुडाचा आणि लोखंडी न्या. तिथे बहुतेक घरांत विजेची शेगडी असते, खोलगट तवा तिच्यावर नीट तापत नाही. शेगडी इंडक्शनची असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालणारच नाही. इंडक्शन बुडाचा स्टीलचा घ्या. भाकरी जाळावर टाकता येत नाही, तव्यावरच उलटून फडक्याने कडा दाबत फुगवावी लागते.

ज्वारीचं पीठ, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी नीट पॅक करून खुशाल न्या. तूप, पेढे, खवा मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, सापडले की जप्त होतात. केशर आंबाही तसा नेता येत नाही, त्याला रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं.