बर्लिनहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं, लष्करी इतिहास आणि जंगल दोन्ही असलेलं गाव कोणतं?

व्युन्सडॉर्फ. पण नुसते बंकर बघून परत येऊ नका, ही कळकळीची विनंती.

बर्लिनच्या दक्षिणेला साधारण 40 किलोमीटरवर, पाइनच्या रानात आणि तळ्याकाठी हे गाव आहे. पहिल्या महायुद्धाआधीपासून इथे लष्कराचा सराव चाले. नाझी काळात जर्मन भूदलाचं मुख्यालय इथल्या ‘मायबाख’ बंकरांत होतं. विमानातून साधी उतरत्या छपरांची घरं वाटावीत, असे ते बांधले होते. 1945 मध्ये सोव्हिएत फौज आली ती 1994 पर्यंत राहिली. पूर्व जर्मनीतल्या त्यांच्या सगळ्या सैन्याचं मुख्यालय इथेच. मॉस्कोला थेट रेल्वेगाडी सुटायची आणि सामान्य जर्मनांना आत मज्जाव. लेनिनचा पुतळा अजून उभा आहे. भिलारसारखं हेही पुस्तकांचं गाव, 1998 पासून; जुन्या पुस्तकांचा नाद असेल तर तासभर राखून ठेवा.

पण खरं जायचं ते जवळच्या त्सेरेन्सडॉर्फला. सराव-मैदानासाठी उठवलेलं हे गाव आता उरलेलं नाही, उरली आहे ती हिंदी सैनिकांची दफनभूमी. 1914 साली इंग्रजांनी फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर हिंदी पलटणी उतरवल्या. त्यातले पकडले गेलेले अनेक जवान व्युन्सडॉर्फच्या ‘अर्धचंद्र छावणी’त ठेवले होते. त्यांना इंग्रजांविरुद्ध उठवायचं म्हणून जर्मनांनी बडदास्त ठेवली, 1915 मध्ये मुसलमान कैद्यांसाठी लाकडी मशीदही उभारली. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांची बर्लिन समिती छावणीत स्वातंत्र्याचा प्रचार करायची. बडदास्तीने थंडी आणि क्षय मात्र थांबले नाहीत. या दफनभूमीत 206 हिंदी सैनिक आहेत: हिंदू, शीख, मुसलमान, सगळे एकाच कुंपणात. कुणाच्या साम्राज्यासाठी लढले, कुणाच्या कैदेत गेले! सोव्हिएत काळात तिथे रणगाड्यांचे सराव चालत, त्यामुळे जागेची पार दुर्दशा झाली होती. 2005 मध्ये दुरुस्त करून ती पुन्हा खुली केली. बर्लिनला येणाऱ्या आपल्या लोकांपैकी फार थोडे तिथवर जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रीजनल गाडीने व्युन्सडॉर्फ-वाल्डश्टाटला उतरा, सायकल सोबत घ्या. रानात जुना दारूगोळा असू शकतो, म्हणून पायवाट सोडू नका. बंकर फक्त मार्गदर्शकाबरोबर पाहता येतात आणि माहिती बहुतेक जर्मनमध्येच असते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या.