बॅटरी मागे नेण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तू बांधतोयस त्या विमानाचे फोटो मिळाले. पंखांवरच्या रिव्हेटच्या ओळी पाहून फार आनंद झाला, हात बसलाय तुझा. पण बॅटरी फायरवॉलवरून, म्हणजे इंजिन आणि कॉकपिटमधल्या आडपत्र्यावरून काढून सीटमागे न्यायचा बेत वाचला आणि लगेच लिहायला बसलो.

आधी कागदावर मांड. भरलेलं विमान ७०० किलोचं धरलं आणि १० किलोची बॅटरी २ मीटर मागे नेली, तर गुरुत्वमध्य, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू, जवळजवळ ३ सेंटिमीटर मागे जातो. आकडा लहान वाटेल. पण अशा दोन-आसनी विमानात तो बिंदू पुढेमागे सरकायला मुभाच जेमतेम वीतभर असते. त्यात तुझ्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेत. पेट्रोल जळत जाईल तसा गुरुत्वमध्य आणखी मागे येणार. म्हणून हिशेब निघतानाचा जमला तरी थांबू नकोस, उतरतानाचाही कर. शेपटीकडे जड झालेल्या विमानाची नियंत्रणाची काठी हाताला हलकी लागते, नवख्याला ते आवडतंसुद्धा. स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांची उचल तुटते तेव्हा, मात्र नाक खाली यायला मागत नाही, आणि स्पिन लागली, म्हणजे विमान गिरक्या घेत कोसळू लागलं, तर सुटणं कठीण. इथे मी तुला सूट देणार नाही.

एलिव्हेटरला, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या हलत्या फळीला, रंग दिल्यावर त्याचा तोल पुन्हा तपास. बिजागरामागे वजन वाढलं तर जास्त वेगात फ्लटर, म्हणजे वाढत जाणारी थरथर, सुरू होतो आणि काही क्षणांत शेपूट मोडू शकते.

प्रोपेलर बदलून तीन पात्यांचा करायचा विचार तूर्त राहू दे. बॅटरी आणि प्रोपेलर एकदम बदललेस, तर विमान वेगळं का वागतंय हे तुला कळणारच नाही. पहिली चाचणी उड्डाणं एकट्यानेच, तीही थंडीत सकाळी. आपली इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर. मे महिन्यात ४० अंशांना तिथली हवा ५००० फुटांवरच्यासारखी विरळ होते. धाव लांबते, चढ मंदावतो, आणि नव्या विमानाचा दोष कुठला नि उन्हाचा कुठला हे उमगत नाही.

रविवारी हँगरवर तिन्ही वजनकाटे घेऊन येतो. दारं बंद ठेव, वाऱ्याने आकडे हलतात. शेपूट उचलून विमान उड्डाणाच्या पातळीत ठेवायला घोडी लागेल, तेवढी बनवून ठेव. बॅटरी आहे तिथेच असताना एकदा वजन करू, मग मागे ठेवून.

तुझा,
काका