दोनशे हात पाणी

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

पाच रविवार तू चर्चमध्ये दिसली नाहीस. फोन उचलत नव्हतीस, आणि परवा रात्री एवढा मोठा मेसेज आला. दोनदा वाचला. असल्या गोष्टीचं उत्तर मोबाईलवर देववत नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

तू लिहितेस, वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून पुरं करायचं म्हणून एक जानेवारीला वही केलीस. रोजच्या अध्यायांपुढे लाल शाईने खूण. लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत वहीतलं एकही घर रिकामं नव्हतं. मग ऑफिसात ऑडिट आलं, चार दिवस वाचन राहिलं, आणि पाचव्या दिवशी वही उघडायचीच लाज वाटली. वाचन सुटलं, मागोमाग प्रार्थना सुटली, आणि प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतो त्या प्रभुभोजनाच्या रविवारी ‘मी त्या मेजाजवळ जायच्या लायकीची नाही’ म्हणून तू खोलीवरच राहिलीस. कमाईचा दहावा भाग, दशांश, मात्र रुपयाला रुपया मोजून पाठवलास.

पोरी, चार दिवसांच्या वाचनाचं मला काहीच वाटलं नाही. तुझ्या मनात देव हजेरीपट घेऊन बसलाय, त्याने मात्र जीव कळवळला. अशा देवाची आज्ञा माणूस पाळतो, पण चूक झाली की त्याच्यापासून लपतोसुद्धा. एदेन बागेत आदाम लपला तसा.

मी हे वरून बोलत नाही. अकरा वर्षांची असताना शब्बाथ शाळेच्या पाठांतर स्पर्धेत मी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय म्हटला होता. ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’. एकही शब्द न चुकता. पहिलं बक्षीस मिळालं, कंपासपेटी. दुसरी आलेली मुलगी माझ्याच बाकावरची. तिने ‘बघू गं’ म्हणून हात पुढे केला, आणि मी पेटी पाठीमागे धरली. तिचा तो पुढे आलेला हात मला अजून दिसतो. पुढे कित्येक वर्षं मी उपास केले, उपासना चुकवली नाही, आणि जे चुकवत त्यांची मनात नोंद ठेवली. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ आठव. एकही आज्ञा मोडली नाही म्हणतो, पण घरात गाणंबजावणं चाललेलं असताना दाराबाहेर रागावून उभा. बापाच्या घरात राहून त्याने चाकरी केली, बाप काही त्याला कळला नाही.

आज्ञा पाळायच्या त्या का, हे दहा आज्ञांच्या आधीच्या ओळीत आहे, आणि आपण ती ओळ पाठ करताना घाईने म्हणून टाकतो. ‘मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले.’ आधी सोडवलं, मग सीनाय डोंगरापाशी नियम दिले. नियम पाळा म्हणजे सोडवतो, असं देव मिसरात म्हणाला नाही. तुझ्या वहीने हा क्रम उलटा केलाय.

आता येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे बघ. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आज रात्री वाच, पण वहीत खूण करू नकोस. तीनदा प्रभूला नाकारलेला माणूस. रात्रभर जाळं टाकलं, हाती काही नाही. पहाटे काठावरून हाक येते, जाळं भरतं, आणि ‘तो प्रभू आहे’ एवढं कानावर पडताच हा अंगरखा गुंडाळून पाण्यात उडी टाकतो. काठ दोनशे हात लांब. होडी येणारच होती, पण त्याला तेवढाही दम नव्हता. इतका मोठा गुन्हा पोटात असताना तो त्याच्याच दिशेने पोहत गेला, हे मला फार मोठं वाटतं. काठावर कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी आणि भाकर. नाकारलं तेव्हाही तो कोळशाच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता. प्रभूने आधी जेवू घातलं. मग विचारलं ते ‘पुन्हा असं करशील का?’ असं नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ एवढंच, तीनदा. आणि प्रत्येक उत्तरामागे काम दिलं: माझी कोकरे चारत जा, माझी मेंढरे पाळ.

तू विचारशील, मग सगळं प्रीतीवर सोडलं तर माणूस ढिला पडणार नाही का? पंडिता रमाबाईंचं बघ. बाप्तिस्मा 1883 मध्ये, इंग्लंडात. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. बाहेरून बघणाऱ्याला यात काय कमी दिसणार? तरी आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटल्यावर त्या स्वस्थ बसल्या का? दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी विधवा आणि मुली त्यांनी आणल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं केलं, आणि मूळ हिब्रू-ग्रीक शिकून सगळं शास्त्र साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायला घेतलं. 1921 मध्ये लेक मनोरमा गेली, तरी ते काम खाली ठेवलं नाही. दुसऱ्या वर्षी त्याही गेल्या. केवळ नियमाच्या धाकाने एवढं कोणाच्याने होत नाही.

एक गोष्ट मात्र तुला लागेल, तरी लिहिते. मेसेजात तू सहज लिहून गेलीस की फेब्रुवारीत एका रात्री तुझ्या खोलीतल्या मुलीला खूप ताप होता, ती कण्हत होती, आणि तू कानात बोळे घालून तीन अध्याय पुरे केलेस. त्या घरात लाल खूण आहे. बाळा, त्या रात्री तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवून तू वाचन सोडलं असतंस, तर तो दिवस मी वाचनाचाच धरला असता. येशूच्या काळचे नियमांचे कडक पाळणारे परुशी पुदिना, शेप, जिऱ्याचासुद्धा दशांश देत होते, आणि दया तेवढी राहून गेली होती. त्या मुलीला चहा करून दे आणि त्या रात्रीबद्दल बोल. मला सांगायची गरज नाही.

वाचन सोड असं मी म्हणत नाही. रोज वाच. पण राहिलेले अध्याय गोळा करत बसू नकोस, आजचं स्तोत्र आज वाच, हळू. प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तर ‘प्रभू, मी आले’ म्हण आणि थोडा वेळ बसून राहा. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. लायकी झाल्यावर यायचं तर मीही गेली चाळीस वर्षं बाहेरच उभी असते.

आणि हो, ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार जवळ आलाय. लहान मुलांचा तुझा वर्ग मी अजून कोणाला दिलेला नाही. पोरं ‘होसान्ना’ म्हणताना झावळ्यांनी एकमेकांना मारतात, मला एकटीला आवरत नाहीत. शनिवारी चार वाजता ये.

तुझी,
मावशी