दूध सोडले आणि किराणा महागला

आहार समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांची एक काळजी अलीकडे वारंवार कानावर येते: मुलाने किंवा मुलीने दूध, दही, तूप सगळे बंद केले आहे, त्यामुळे अशक्तपणा येईल, आणि त्याच्या बदल्यात जे खावे लागते ते आपल्यासारख्यांना परवडणारे नाही. गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध काढून देणाऱ्या कोल्हापुरात यातील पहिली भीती वाटणे स्वाभाविकच आहे. दुसरीचे मूळ मात्र बहुतेक वेळा खरेदीच्या पद्धतीत असते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून त्याचे एक उदाहरण येथे देते.

शिरोली एमआयडीसीतील एका कार्यालयात नोकरी करणारी एक तरुणी आईला घेऊन आली होती. प्राण्यांपासून मिळणारे काहीही खायचे नाही, म्हणजेच वीगन राहायचे, असे तिने विचारपूर्वक ठरवले होते. सज्ञान माणसाच्या अशा निर्णयाची उलटतपासणी करणे हे माझे काम नव्हे, म्हणून मी त्यात शिरले नाही. आईंनी मात्र बसता बसताच सुरुवात केली, "मॅडम, हिनं दुधाचा थेंब बंद केलाय. अंगात ताकद कुठनं यायची? आणि त्या बदामाच्या दुधाला पैसं तरी किती घालायचं?"

मी मुलीला महिन्याची बिले दाखवायला सांगितली. मोबाइलवर बदामाच्या दुधाची खोकी, वीगन चीज, टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर आणि प्रोटीन पावडरचा मोठा डबा, अशी ती ओळीने दिसत होती. घरातली मसूर, मटकी, शेंगदाणे, ज्वारी हेदेखील पूर्ण वीगन अन्नच आहे, हे दोघींपैकी कोणाच्या मनात आले नव्हते. बदामाच्या पाकीटबंद दुधाला म्हशीच्या दुधाच्या तिप्पट-चौपट पैसे पडतात आणि त्यातील बहुतेक प्रकारांत शंभर मिलिलिटरमागे प्रथिने जेमतेम एक ग्रॅम असतात, हे खोक्यावरचा बारीक मजकूर वाचून मुलीनेच मला सांगितले. माझ्या मते वीगन आहार महाग होतो तो इथेच, सोडलेल्या पदार्थाची हुबेहूब नक्कल विकत घेण्याच्या हट्टापायी.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आपल्याकडील शिफारस सांगते. केवळ वनस्पतिजन्य आहारात थोडे जास्त धरावे, म्हणून पन्नास किलो वजनाच्या या मुलीसाठी आम्ही ५० ग्रॅमचे उद्दिष्ट ठेवले. दिवसभराच्या भाकऱ्यांना लागणाऱ्या १५० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून साधारण १५, डब्यातल्या अख्ख्या मसुराच्या ४० ग्रॅम कोरड्या दाण्यांतून १०, मूठभर शेंगदाण्यांतून ७ आणि सायंकाळच्या फुटाण्यांतून ६ ग्रॅम, एवढ्यावरच बेरीज ३८ पर्यंत गेली. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. त्या २५ ग्रॅम भिजवून, घट्ट पिळून कांदा-लसूण मसाल्यात परतल्या की उरलेले अंतर भरून निघते. आईंनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि दोनदा बेरीज करून पाहिली. "हे तर आमच्या घरचंच जेवण हाय की," एवढेच त्या म्हणाल्या.

कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आणि शेवग्याचा पाला सुचवला. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, मात्र प्रौढांची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅमची असल्याने एकट्या नाचणीवर विसंबू नये. आंबील हवी असेल तर ताकाऐवजी लिंबू पिळावे. जेवणावर लगेच चहा घेतला की अन्नातील लोह नीट शोषले जात नाही, म्हणून चहा तासाभराने. तो कोरा, आले घालून. दह्याची ओढ फार होती, त्यासाठी भिजवलेले शेंगदाणे वाटून, गाळून, उकळून कोमट झालेल्या दुधात हिरव्या मिरचीचे देठ टाकून विरजण लावायला शिकवले. ते दही नुसते खायला सगळ्यांनाच आवडेल असे नाही, पण कढीला आणि कोशिंबिरीला चालते.

या सगळ्यात एका गोष्टीला स्वयंपाकघरात उत्तर नाही, ती म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. मोड आलेली कडधान्ये किंवा आंबवलेले पीठ यांतून ते भरवशाने मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे सुरुवातीची काही वर्षे काहीच जाणवत नाही, आणि हातापायांना मुंग्या येऊ लागतात तोवर मज्जातंतूंवर परिणाम झालेला असू शकतो. म्हणून प्रोटीन पावडरचे पैसे वाचवून आधी रक्ततपासणी करायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी कायम चालू ठेवायची, यावर मी अजिबात तडजोड केली नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते, हे औषधाच्या दुकानात विचारून घ्यावे लागते.

पुढच्या भेटीत आईंच्या पिशवीत लक्ष्मीपुरीतल्या धान्यबाजाराची यादी होती. कडधान्ये त्यांनी पाच-पाच किलोंनी घेतली होती आणि ऑनलाइन बिलात टोफूपुरतीच रक्कम उरली होती. पुरणपोळीबरोबरची गुळवणी नारळाच्या दुधात केली, तेव्हा वडिलांनीही वाटी पुढे केली म्हणे. बदामाचे दूध मुलगी महिन्यातून एखादे वेळी हौसेने आणते, त्याला माझी हरकत नाही. मुलीचा बी-१२ चा अहवाल अपेक्षेप्रमाणे कमी आला होता. आईंना मी तुमचीही तपासणी करून घ्या असे सुचवले, कारण रोज दुधाचा चहा घेणाऱ्या शाकाहारी माणसांतही ही कमतरता आपल्याकडे सर्रास आढळते. त्यांचाही अहवाल कमीच आला, आणि आता दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असतात.