बेंबीवरचा फुगवटा

प्रश्न : आमची कुत्री चिंगी अडीच महिन्यांची आहे. तिच्या बेंबीपाशी बोराएवढा मऊ फुगवटा आहे. दाबला की आत जातो, भुंकली की वर येतो. शेजारच्या काकू म्हणतात, रुपया ठेवून पट्टा बांध. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, रुपया बांधू नका. पट्ट्याखाली कातडी सोलवटते, फट काही बुजत नाही. हा बेंबीचा हर्निया. नाळ गळल्यावर पोटाच्या स्नायूंतली फट मिटायला हवी. ती उघडी राहिली की आतली चरबी डोकावते. चिंगीला उताणी झोपवा, फुगवटा आत सारा आणि फटीची कड चाचपा. करंगळीचं टोकही शिरत नसेल तर घाई नाही. अशा बारीक फटी सहा महिन्यांच्या आत बऱ्याचदा मिटतात. नाहीच मिटली, तर नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत शिवून घेता येते. बोट सहज शिरत असेल तर मात्र आत्ताच दाखवा, त्यातून आतडं उतरू शकतं.

मला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची. काल आत जाणारा फुगवटा आज कडक, गरम झाला, हात लावताच ती केकाटली, उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असतो. तेव्हा दाबून बघत बसू नका. मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा. माझ्याकडे एक पिल्लू ‘सकाळी नेऊ’ म्हणत रात्रभर थांबवून आणलं होतं. वीतभर आतडं काळं पडलेलं, कापावं लागलं. वाचलं ते.

आणि हो, हा दोष बहुधा वंशातून येतो. चिंगीची पिल्लं घेऊ नका.